चांदरच्या चौकातलं घर आणि माईचं मागचं दार

६ जानेवारीला दक्षिण गोव्यातल्या चांदरला तीन राजांचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, असतो. चांदर, कावोरी आणि गिर्दोली या तीन गावांतले तीन मुलगे राजे होऊन घोड्यावर बसून इगर्जीकडे, म्हणजे चर्चकडे येतात, पुढे बँड, मागे अख्खा गाव, आणि चौकात खाजें आणि चणे-लाडवांची दुकानं मांडलेली. मी पहिल्यांदा तिथे गेले ती या फेस्तालाच, मडगावच्या एका मैत्रिणीबरोबर, आणि खरं सांगायचं तर राजे बघायचे राहिलेच कारण मी चौकात पाठमोरी उभी राहून समोरच्या घराकडे बघत बसले. मोबाइलमध्ये फोटो काढायचा तर मागे सरत सरत पार इगर्जीच्या आवाराला टेकले तरी घर काही एका फोटोत मावेना. वरच्या मजल्यावर खिडक्याच खिडक्या, एकीला लागून एक, प्रत्येकीला छोटा कठडा, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या चौकाकडे तोंड करून. जणू अख्खं घर फेस्त बघायला पुढे येऊन बसलंय.

हे घर म्हणजे ब्रागांझांचं घर. गोव्यातल्या माणसाला 'चांदरचं घर' म्हटलं की पुरतं. १७व्या शतकातलं मूळ, मग पुढच्या पिढ्या त्याला जोडत गेल्या, वाढवत गेल्या, आता त्याचे दोन भाग आहेत, पश्चिमेकडचा मिनेझिस ब्रागांझांचा आणि पूर्वेकडचा ब्रागांझा परेरांचा. जिना एकच, वर गेलं की एक कुटुंब डावीकडे आणि एक उजवीकडे. लोक अजून राहतात तिथे, म्हणून म्युझियम म्हणायला माझी जीभ वळत नाही. कोणाच्या तरी घरात आपण जातोय हे लक्षात ठेवूनच जायला हवं.

आता मी कुठली ते सांगते म्हणजे मला त्या खिडक्यांचं एवढं का वाटलं ते कळेल. आम्ही फोंड्याकडचे, कवळ्याच्या जवळ आमचं जुनं घर. आमच्या घराला रस्त्याच्या बाजूला म्हणाल तर एक दार आणि दोन बारक्या खिडक्या, त्याही उंचावर, बाहेरून जाणाऱ्याला आतलं काही दिसू नये अशा. सगळं घर आत बघतं. मधे राजांगण, राजांगणात तुळस, चारी बाजूंनी ओसरी, पाऊस पडला की चारी बाजूंच्या पागोळ्या तिथेच, पापड वाळत घालायचे तिथेच, लग्नाची हळदही तिथेच. लहानपणी मला वाटायचं घर असंच असतं. नंतर इतिहास वाचायला लागले तेव्हा कळलं की यातला काही भाग हवापाण्याचा, काही चालीरीतीचा, पण काही भाग भीतीचाही असणार. साष्टीतली, म्हणजे मडगावच्या आसपासची, देवळं १५६६-६७च्या सुमारास पाडली गेली, मडगावचा दामोदर जांबावलीला गेला, केळशीची शांतादुर्गा आमच्या कवळ्याला आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. नदी ओलांडून, रात्रीच्या रात्री. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगीजांकडे आला तो १७६३ मध्ये. ज्यांचे देव असे पळवून आणावे लागले त्यांची घरं चौकाकडे छाती काढून उभी राहतील कशी.

आणि इकडे साष्टीत हे घर, इगर्जीसमोर, चौकात, सगळं उघडं. दोन्ही घरं गोव्याचीच, दोन्ही चिऱ्याचीच, दोन्हीवर मंगळुरी कौलंच (ती १८६५ नंतर आली, बासल मिशनच्या कारखान्यातून, त्याच्या आधी सगळीकडे अर्धगोल नळे होते), पण एकाचं तोंड आत आणि एकाचं बाहेर. मी वास्तुकलेची अभ्यासक वगैरे नाही, मी बँकेत नोकरी करते, पण त्या दिवसापासून कुठल्याही गावात गेले की आधी घराचं तोंड कुठे आहे ते बघते.

खिडक्यांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मला त्या फार आवडतात. गोव्यातल्या जुन्या घरांना काच नसायची, शिंपले असायचे. एक चपटा, जवळजवळ पारदर्शक असा शिंपला असतो, तो चौकोनी कापायचा, तळहाताएवढासुद्धा होत नाही, आणि लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या खाचेत एकेक सरकवत जायचं. एका झडपेत असे कितीतरी तुकडे. उन्हाचा डोळ्यांना त्रास होत नाही, दुपारच्या दोनच्या उन्हाचंही आत येईपर्यंत दूध झालेलं असतं. पावसाळ्यात आमच्याकडे चार महिने दारं-खिडक्या लावून बसायची वेळ येते तेव्हा लाकडी झडप लावली की अंधार, पण शिंपल्याची लावली की पाऊस बाहेर आणि उजेड आत. आता हे काम करणारे सुतार फार थोडे राहिलेत, आणि तो शिंपला वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, म्हणजे नवीन काढता येत नाही, कुठे जुनं घर पाडलं तर त्याच्या झडपा कोणी विकतं त्यातून मिळाला तर मिळाला. आमच्या घरात अशी एकच झडप होती, देवघराच्या बाजूची. तिचे तीन तुकडे फुटलेत आणि गेली चार वर्षं मी ते शोधतेय.

बरं, चांदर म्हणजे नुसतं हे घर नाही. चांदर म्हणजे चंद्रपूर. कदंबांची राजधानी गोपकपट्टणला जायच्या आधी इथे होती, त्याच्याही आधी भोजांच्या काळापासूनचं हे गाव, कुशावतीच्या काठचं. चौकापासून थोडं आत गेलं की शेताच्या कडेला एक डोकं नसलेला नंदी आहे, विटांचे पाये आहेत, १९२९ मध्ये फादर हेरास यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा शिवमंदिराचे अवशेष मिळाले. मी गेले तेव्हा तिथे कोणीच नव्हतं, गवत कमरेएवढं, आणि नंदीच्या पाठीवर एक कावळा. एका टोकाला हा नंदी आणि एका टोकाला बेथलेहेमच्या सायबिणीची इगर्ज आणि मधे हे घर. कार्निव्हालच्या दिवसांत याच चांदरात मुसळ खेळ होतो, ख्रिस्ती लोक मुसळं आपटत नाचतात आणि गाण्यांत जुन्या हिंदू राजांच्या विजयाची आठवण काढतात. चारशे वर्षं इगर्जीत जाऊनही ते गाणं त्यांनी सोडलं नाही. यावर काय बोलायचं, मला तर नुसतं ऐकूनच अंगावर काटा येतो.

घराच्या आत मी दुसऱ्या खेपेला गेले. मोठा साल आहे, म्हणजे नाचाचा हॉल, इटालियन संगमरवराची जमीन, वर झुंबरं, भिंतीला आरसे, आणि शिसवीच्या खुर्च्या. त्यातल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या पोर्तुगालचा राजा दों लुईश याने दिलेल्या, घराण्याचं चिन्ह कोरलेल्या. मकावमार्गे आलेली चिनी भांडी. परेरांच्या बाजूला कपेल, म्हणजे घरचं प्रार्थनाघर आहे, तिथे सां फ्रान्सिस्क झेवियरचं नख जपून ठेवलंय. आणि मिनेझिस ब्रागांझांच्या बाजूला ग्रंथालय, सुमारे ५,००० पुस्तकं, चामडी बांधणीची. बाकी सगळ्या वस्तूंसमोर लोक आ करून उभे राहतात आणि पुस्तकांसमोरून सरळ पुढे जातात असं मला तिथे दिसलं. मी मात्र तिथेच थांबले. कारण हे घर माझ्यासाठी ज्या माणसामुळे आहे तो माणूस त्या पुस्तकांतला आहे.

लुईश द मिनेझिस ब्रागांझा. जन्म १८७८, चांदरचाच. भाटकाराचं म्हणजे जमीनदाराचं घर, जमीनजुमला, राजाने दिलेल्या खुर्च्या, सगळं काही होतं, नुसतं बसून खाल्लं असतं तरी पिढ्या गेल्या असत्या. त्याने काय केलं तर १९०० मध्ये मेसियश गोमिश यांच्याबरोबर 'ओ हेराल्दो' काढलं, गोव्यातलं पहिलं दैनिक. १९११ मध्ये 'ओ देबात', पुढे 'प्रकाश'. पोर्तुगीज भाषेत लिहायचा, आणि पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लिहायचा. इगर्जीच्या समोर राहून इगर्जीच्या सत्तेविरुद्धही लिहायचा, म्हणजे खिडकी उघडली की समोर जी दिसते तिच्याच विरुद्ध. गांधी आणि टागोरांबद्दल गोव्यातल्या पोर्तुगीज वाचणाऱ्या लोकांना याने सांगितलं. १९१०ला पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन रिपब्लिक आलं आणि हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले, त्या काळात हिंदूंच्या बाजूने उभे राहिलेल्या ख्रिस्ती माणसांत हा पुढे होता. त्याच सुमाराला, १९१२ पासून, तिकडे केप्यात भारतकार हेगडे देसाई आपलं 'भारत' काढत होते. केपें आणि चांदर, मधे जेमतेम काही मैल. एक मराठीतून, एक पोर्तुगीजमधून. माझ्या आजोबांकडे 'भारत'चे दोन जीर्ण अंक होते, ते सांगायचे की आम्हाला भारतकारांनी बोलायला शिकवलं आणि चांदरच्या साहेबाने आमचं बोलणं त्यांच्या लोकांना ऐकवलं. आजोबा प्राथमिक मराठी शाळेत मास्तर होते, मोजून बोलायचे, म्हणून हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

आणि मग १९३०. पोर्तुगालमध्ये सालाझारचा जोर वाढलेला, 'आक्तु कोलोनियाल' म्हणजे वसाहतींचा कायदा येऊ घातलेला, त्यात वसाहतीतला माणूस कायमचा दुय्यम. ४ जुलै १९३०ला गोव्याच्या कौन्सिलमध्ये मिनेझिस ब्रागांझाने ठराव मांडला, हा कायदा मान्य नाही आणि पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या लोकांना आपलं भवितव्य आपण ठरवायचा हक्क आहे. सरकारच्याच सभागृहात उभं राहून. मी कल्पना करते, पाऊस कोसळत असणार त्या दिवशी, जुलै म्हणजे काय. पुढे सेन्सॉरशिप इतकी वाढली की लिहायला जागाच उरली नाही. १९३८च्या जुलैत तो गेला.

त्याच गावात, १८९१ मध्ये, त्याच्याच नात्यातला आणखी एक जण जन्मला, त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा. आपण टी. बी. कुन्हा म्हणतो तो. पाँडिचेरीला शिकला, पॅरिसला शिकून इंजिनिअर झाला, तिथे राहून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबद्दल लिहीत राहिला आणि १९२६ला परत आला. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी काढली. १९४६च्या १८ जूनला मडगावात लोहियांनी सभा घेतली आणि सगळं पेटलं, त्यानंतर जुलैमध्ये कुन्हांना पकडलं, आग्वादला ठेवलं, लष्करी कोर्टापुढे उभं केलं आणि ८ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. १९५३ मध्ये पोर्तुगालमधून निसटून पॅरिसमार्गे मुंबईला आले आणि परत कामाला लागले. २६ सप्टेंबर १९५८ला मुंबईत वारले. गोवा मुक्त व्हायला अजून तीन वर्षं होती. त्या माणसाला परत गोव्याची माती बघायला मिळाली नाही हे मला अजून सहन होत नाही.

चांदरच्या घरातल्यांनाही या सगळ्याची किंमत मोजावी लागली, १९५०च्या सुमारास त्यांना गोवा सोडावा लागला आणि मुक्तीनंतर परत आले. तेव्हा घर तसंच होतं. इतकी वर्षं बंद खिडक्या घेऊन ते चौकात उभं होतं.

आता माईबद्दल. माई म्हणजे माझी आजी, आईची आई, केपें तालुक्यातली. मिनेझिस ब्रागांझाबद्दल मी घरी भरभरून सांगायला लागले की ती ऐकून घ्यायची आणि मग आपल्या सुपारीकडे वळायची. एकदा मीच हट्टाने तिला चांदरला घेऊन गेले, तेव्हा तिचं वय ८३. पुढच्या जिन्याने वर चढताना ती दर दोन पायऱ्यांवर थांबत होती, मला वाटलं गुडघे दुखतायत. वर सालात गेलो. झुंबरं बघितली नाहीत, खुर्च्या बघितल्या नाहीत, त्या संगमरवराकडे बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "इतलें सगळें पुसतालें कोण गो?"

मी गप्प.

परतताना गाडीत तिने सांगितलं. तिच्या लहानपणी त्यांचा भाटकार होता, गाव वेगळं, घर वेगळं, पण असंच दोन मजली, असाच पुढे जिना. वर भाटकाराचं कुटुंब आणि खालचा मजला म्हणजे कोठार, भात, नारळ, मीठ. ती वडिलांबरोबर नारळ घेऊन जायची, पण मागच्या दाराने. पुढच्या जिन्याला पाय लावायची रीत नव्हती. फेस्ताच्या आधी आठ दिवस तिच्या आईला जमीन घासायला बोलावायचे आणि त्याचे पैसे नसायचे, कारण मुंडकार म्हणून त्यांच्या जागेत झोपडी होती ना, ते तिचं भाडं. "म्हाका जिनो चडटना भंय दिसलो," ती म्हणाली. जिना चढताना भीती वाटली. ८३व्या वर्षी, भाटकार जाऊन, भाटकारशाही जाऊन, इतक्या वर्षांनी.

त्या दिवसापासून मी या घरांकडे दोन बाजूंनी बघते. पुढून खिडक्या मोजते आणि मागे जाऊन दार कुठे आहे ते बघते. या घरांच्या भिंती चिऱ्याच्या आहेत हे सगळे सांगतात, पण चिरे खाणीतून कोणी काढले आणि शंभर-दीडशे पावसाळे ती कौलं दर मे महिन्यात कोण परतत होतं ते कुठे लिहिलेलं नसतं. आणि तरीही माई चुकीची आणि मिनेझिस ब्रागांझा बरोबर किंवा उलटं असं मला म्हणता येत नाही. त्याच्या घराला मागचं दार होतंच, त्या काळातल्या सगळ्याच मोठ्या घरांना होतं, आमच्या फोंड्याच्या घरालाही होतं हे मी मुद्दाम लिहिते. आमच्या राजांगणात कोण येऊ शकायचं आणि कोण नाही याचेही नियम होतेच. पण त्याने पुढच्या खिडकीतून जे सांगितलं, की माणसाला आपलं भवितव्य ठरवायचा हक्क आहे, ते एकदा बोललं गेलं की मग मागच्या दारापर्यंत पोचतंच. उशिरा पोचतं.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात १९६४चा कूळ कायदा आला, १९७५ला मुंडकार कायदा, १९७६ला कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती होऊन कसणारा जमिनीचा मालक झाला. माईच्या भावांच्या नावावर त्यांची शेतं झाली ती याच कायद्याने. आणि याच कायद्याने या मोठ्या घरांचं उत्पन्न गेलं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर घडल्या. आता एवढं घर राखायचं कशावर? वाळवी आहे, पावसाळा आहे, वारस पोर्तुगाल-लंडन-कॅनडाला, एकेका घराला वीस-पंचवीस वाटेकरी. लोटली, कुडतरी, चांदर असं एखाद्या रविवारी फिरून या, किती घरांच्या कौलातून पिंपळ वर आलाय ते बघा. ज्यांनी आपली घरं स्वतःच्या कष्टाने उघडी ठेवलीत त्यांना देणगीच्या पेटीत टाकायला लोक शंभर रुपयांसाठी घासाघीस करतात ते बघून मला राग येतो. झुंबर पुसायलाही माणूस लागतो, आणि आता त्याला पगार द्यावा लागतो, द्यायलाच हवा.

चांदरचे लोक अजून उठून उभे राहतात, एवढं मात्र आहे. २०२०च्या नोव्हेंबरात रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध रात्रभर रुळांवर बसले होते, मेणबत्त्या घेऊन, हजारोंनी, कोळशाच्या गाड्या वाढल्या तर गावाचं आणि रुळांजवळच्या जुन्या घरांचं काय होईल म्हणून. बातम्यांत ते रेल्वेचं फाटक बघितलं तेव्हा मला त्या शिंपल्यांच्या झडपा आठवल्या.

मी पणजीत नोकरी करते, आझाद मैदानापासून पाच मिनिटांवर. पूर्वीचा आफोंसो द आल्बुकेर्कचा चौक. मधे खांबांचा मांडव आहे, १८४७चा, त्यात आल्बुकेर्कचा पुतळा होता. आता मैदानात टी. बी. कुन्हांचं स्मारक आहे. मुंबईला पुरलेले त्यांचे अवशेष १९८६ मध्ये इथे आणून ठेवले, म्हणजे ते आले परत, २८ वर्षांनी का होईना. आणि मैदानाला अगदी लागून जी इमारत आहे ती पूर्वी इन्स्तितुत वास्को द गामा, आता इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा. दारातून आत शिरलं की भिंतीवर निळ्या आझुलेजुश म्हणजे रंगवलेल्या फरशा, जॉर्ज कोलासोने १९३५ला केलेल्या, वास्को द गामाच्या सफरीच्या. त्या ठेवल्या आणि वर नाव मिनेझिस ब्रागांझाचं लावलं. चांदरच्या एका चौकातली दोन माणसं पणजीच्या एका चौकात अशी शेजारी आली. दुपारी डबा खायला मी कधीकधी तिथे बसते.

माईला डोळ्यांच्या तपासणीसाठी पणजीला आणलं होतं तेव्हा तिलाही तिथे बसवलं, खांबांच्या सावलीत. हे कोण, ते कोण, सगळं सांगितलं. कॉलेजची पोरं होती, एक मासळीवाली टोपली बाजूला ठेवून पाय चोळत बसली होती, एक म्हातारा पेपर वाचत होता. माई बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हांगा बरें. हांगा येवपाक कोणाक विचारचें पडना." इथे यायला कोणाला विचारावं लागत नाही.

आणि चपला काढून पाय त्या गार फरशीवर ठेवले.